वटावात बसणारी माणसं

मुंबई, ९ जानेवारी १९३३

तीर्थरूप अण्णांचे चरणी,

बालक यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक.

आपली कुलदेवी गोव्यात, आणि आमच्या लग्नाला पाचवे वर्ष लागले तरी तिची ओटी भरायची राहिली आहे, असे आपण गणपतीत म्हणाला होतात. ते माझ्या मनात घर करून बसले आहे. साहेबाने एप्रिलात ईस्टरला जोडून पंधरा दिवसांची रजा मंजूर केली आहे. अशी रजा पुन्हा मिळणे नाही. मी मुंबईहून आगबोटीत बसेन, सौ.ला आपण श्रीवर्धनच्या बंदरावर पोचवावे, म्हणजे आम्ही उभयता पुढे जाऊन देवीचे दर्शन घेऊन येऊ.

खर्चाची काळजी नसावी. शंभर रुपये मी बाजूला टाकले आहेत. शिवाय एक गंमत आहे. गोव्यात फिरंग्यांचे राज्य, म्हणून नोटाही त्यांच्याच. धक्क्यावरचे सराफ शंभराला शंभरच देतात आणि वर उपकार केल्यासारखे बघतात. पण धोबीतलावावर गोंयकारांचे कूड आहेत, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोल्या. नाताळाला गावी गेलेले खलाशी आणि आचारी परतले की त्यांच्या खिशात तिकडच्या नोटा उरलेल्या असतात. मुंबईत त्या नोटांना कोणी हात लावीत नाही. त्यांच्याकडून थेट घेतल्या तर शंभराला एकशे सहा मिळतात. सहा रुपये वटाव, नुसता चालत गेल्याचा!

आपली आज्ञा व्हावी. आत्याबाईंस नमस्कार.

आपला,
यज्ञेश्वर


दिवेआगर, १७ जानेवारी

इकडच्या स्वारीस नमस्कार.

समोर असताना "इकडून येणं झालं, तिकडे जाणं झालं" करता करता वाक्य संपत नाही, आणि संपतं तोवर कोणीतरी आत येतं. म्हणून पत्रात मी सरळ "तुम्ही" लिहिणार आहे. रागावायचं असेल तर रागवा, मला कुठे दिसणार आहे?

तुमचं पत्र अण्णांनी पडवीत बसून नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. मी दाराआड तांदूळ निवडत होते. तीच ती मूठ पुन्हा पुन्हा निवडली. ओटीचं ऐकून अण्णा नुसते "हं" म्हणाले. रजेचं ऐकून पान उलटलं. पण सहा रुपये वटावाचं वाचलं आणि चष्मा काढून आत्याबाईंना म्हणाले, "पोरगा हुशार निघाला हो, आनंदीबाई!" तेव्हाच मी ओळखलं, गोवा पक्का.

हे पत्र घरात कोणाला ठाऊक नाही. माझी मैत्रीण शकू बोर्लीला पोस्टाच्या शेजारीच दिली आहे. पाकिटावर तिचं नाव घाला. आपल्या वाडीत सुपारी सोलायला येणारी रंगू बाजाराला जाते, ती आणून देईल. घरच्या पत्त्यावर लिहिलंत तर तेही पडवीत वाचलं जाईल, आणि मग मला विहीर जवळ करावी लागेल.

पाच वर्षं होत आली. तुम्ही गणपतीला येता, शिमग्याला येता. घरात पंगती उठत असतात. माझं तुमच्याशी बोलणं म्हणजे "भात वाढू का" आणि तुमचं "पुरे". तुम्हाला काय आवडतं ते मला आत्याबाईंकडून कळतं. मला तुमच्या शेजारून चालायचं आहे, मागून नाही. जे काही साठलं आहे ते बोलायचं आहे. या विचारानं काल मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

एकच सांगते. अण्णांना दराचं फार सांगू नका. स्वस्त म्हटलं की त्यांना पिशवी मोठी घ्यावीशी वाटते.

सुचित्रा


मुंबई, २६ जानेवारी

प्रिय सुचित्रा,

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं, कारण खोलीत आम्ही पाच जण. "पुरे" वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं. तुला सांगतो, मला तो भात कधीच पुरा झालेला नसतो. तू वाढायला वाकलीस की समोर अण्णा असतात, आणि तोंडातून "पुरे" निघून जातं.

माझे पाय सध्या एका जागी ठरत नाहीत. ऑफिस सुटलं की धोबीतलाव. काएतान म्हणून एक बोटीवरचा आचारी आहे. परवा तो नोटा पुढे करून म्हणाला, "पात्रांव, ह्यो हांव मुंबयत खांव काय?" मी म्हटलं, खाऊ नकोस, मला दे. शंभराला एकशे आठवर आणलाय. जितका दर चढेल तितकी आपली चैन. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे तिकडच्या धर्मशाळेत, सगळ्यांच्या घोरण्यात कशाला झोपायचं? चार दिवस पणजीत नदीसमोर खोली घेऊ. खिडकी असलेली. तुला वाटेल तितकं बोल.

तुझा इशारा मात्र उशिरा पोचला. आठाची बातमी मी अण्णांना आदल्याच दिवशी लिहून बसलो. वडिलांनी जन्मात पहिल्यांदा हुशार म्हटलं की माणसाला राहवत नाही. पण आठ रुपयांनी काय आकाश कोसळणार आहे?

तुझा,
यज्ञेश्वर


दिवेआगर, ५ फेब्रुवारी

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. शंभराला आठ वटाव म्हणजे उत्तमच. यंदा सुपारीला उठाव नाही, बागाईतदार डोक्याला हात लावून बसले आहेत. अशा दिवसांत तुझे पत्र वाचून बरे वाटले. भावकीतल्या चांगदेवालाही वाचून दाखविले.

मी हिशेब केला. आठ रुपयांत एका माणसाचे डेकचे जाणे-येणे बसते. मग ते वाया का घालवावे? आनंदीबाई माझ्याहून वडील. सोळाव्या वर्षी कपाळ फुटून या घरी परत आली, तेव्हापासून श्रीवर्धनच्या पलीकडे गेलेली नाही. तिला तुमच्याबरोबर पाठवितो. सुनेलाही बोटीवर सोबत होईल.

दर आणखी चढल्यास कळव.

अण्णा


दिवेआगर, ९ फेब्रुवारी

स्वारीस नमस्कार.

झाली ना पिशवी मोठी? आता भोगा!

"सुनेला सोबत होईल" म्हणे. मला सोबत तुम्ही पुरे होतात. अण्णांनी ते वाक्य वाचलं तेव्हा मी हातातली पळी इतक्या जोरात आपटली की मांजर उठून गेलं.

पण खरं सांगू? आत्याबाईंना नाही म्हणवत नाही. ऐकल्यापासून त्या वेगळ्याच झाल्या आहेत. तळातल्या पेटीतली अस्तराची शाल काढून तिला रोज ऊन दाखवतात. काल मला हळूच विचारलं, "सुचित्रे, गोव्याच्या समुद्राचं पाणी आपल्यासारखंच खारट असतं का गं?" मी म्हटलं, तेच तर पाणी. तर म्हणाल्या, "तरी एकदा बोट बुडवून बघीन."

एक आत्याबाई चालतील. त्या दिवेलागणीला जेवून झोपतात. आपण नदीकाठी बसू. मात्र आता अण्णांना एक अक्षर लिहू नका, माझी शपथ आहे.

सुचित्रा


मुंबई, ८ मार्च

प्रिय सुचित्रा,

तू चिडशील. आधी पूर्ण वाच, मग चीड.

गोव्यात लोकांचा इंत्रूज झाला, म्हणजे त्यांचा शिमगाच म्हण. तिकडे नाचून आलेली सगळी मंडळी या आठवड्यात मुंबईला परतली, आणि एकेकाच्या खिशात नोटाच नोटा. असा बाजार वर्षातून एकदाच येतो. काएताननं मला त्यांच्या कुडात नेलं. भिंतीला ओळीनं पेट्या, मध्ये साधूसंतांची तसबीर, समोर मेणबत्ती. मी दारात उभा राहून म्हटलं, ज्याला ज्याला नोटा टाकायच्या आहेत त्यानं माझ्याकडे यावं, मी रोख देतो. त्यांनी मला बसवून कॉफी पाजली! माझे शंभर दिले आणि एकशे बारा घेतले. बारा, सुचित्रा! धक्क्यावरच्या सराफाला मुद्दाम जाऊन दाखवले. त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.

आता आत्याबाईंना अग्रशाळेत वेगळी खोली घेऊन देता येईल आणि आपली पणजीची खिडकी शाबूत.

राहिलं अण्णांचं. त्यांचं कार्ड आलं होतं, "दर काय चालला आहे?" एवढीच एक ओळ. तुझी शपथ आठवली. पण बापानं सरळ विचारल्यावर खोटं कसं लिहू? बारा लिहिलं. फार मोठ्या अक्षरांत नाही लिहिलं.

यज्ञेश्वर


दिवेआगर, १४ मार्च

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

शाबास. चांगदेवाने तुझे कार्ड दोनदा मागून नेले आणि अर्ध्या गावाला दाखविले. इतका वटाव गावात कोणी ऐकलेला नाही.

सर्वांचे ठरले ते असे. मी येतो. चांगदेव आणि त्याची बायको नीराबाई येतात. नीराबाईंच्या आईलाही यायचे आहे. कानाने कमी आहेत, पण मोठ्याने बोलले की ऐकू येते. आनंदीबाई आहेच. म्हणजे तुम्हां दोघांसकट सातजण. प्रत्येक जण आपापले पैसे तुझ्याकडे पाठवील, ते सर्व याच दराने मोडून घे.

पणजीत खोली वगैरे उधळपट्टी नको. अग्रशाळेत पुरुषांचे दालन वेगळे आणि बायकांचे वेगळे, उत्तम सोय असते असे ऐकतो. तांदूळ, पोहे, कुळथाचे पीठ येथूनच घेऊ. स्वयंपाकाला सून आहेच.

अण्णा


दिवेआगर, १६ मार्च

स्वारीस,

पुरुषांचं दालन वेगळं. बायकांचं वेगळं. स्वयंपाकाला सून आहेच.

म्हणजे मी समुद्र ओलांडून जाणार आणि तुम्हाला विचारणार, "भात वाढू का?"

रंगूसुद्धा हसते मला. काल सुपारी सोलता सोलता म्हणाली, "वयनी, समदीच चालली म्हनं गोव्याला? मंग मलाबी न्या की. दादांना सांगा, दर वाईच आनखी वाडवा, मी बी बसन त्यात." मला हसूही येईना आणि रडूही येईना.

तुम्हाला दर हवा होता की मी हवी होते, ते एकदा ठरवा. नोटा मिळाल्या म्हणून तुम्हाला कॉफी पाजली, फार छान. इथे मी पाच वर्षं चुलीपुढे बसून या पंधरा दिवसांची वाट पाहिली, मला कोणी काही पाजलं नाही.

तुम्ही दर चढवलात. आता तुम्हीच पाडा.

सुचित्रा


मुंबई, २१ मार्च

तीर्थरूप अण्णांचे चरणी,

बालक यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार.

कळविण्यास वाईट वाटते की दर एकदम पडला आहे. बाजारात नोटा उरल्या नाहीत. बाराचा दर फक्त माझ्या शंभरापुरता मिळाला. आता शंभराला एक-दोन वर मिळाले तरी नशीब. शिवाय एप्रिलात समुद्र खवळलेला असतो आणि बोटीवर वयस्क माणसांचे हाल होतात, असे जाणते लोक सांगतात. तरी बाकीच्या मंडळींनी यंदा आपले पैसे अडकवू नयेत, असे मला नम्रपणे वाटते. आम्ही उभयता जाऊन येऊ.

आपला,
यज्ञेश्वर


दिवेआगर, गुढीपाडवा, २७ मार्च

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

दर पडला हे वाचून सर्वांची निराशा झाली. परंतु इतके मनास लावून घेऊ नकोस. बाजार आहे, खाली गेला तसा वर येईल. तूच लिहिले होतेस की नाताळानंतर नोटा स्वस्त होतात. मग घाई कशाला? देवी काही पळून जात नाही. दिवाळी होऊ दे, नाताळ होऊ दे, पुन्हा बारा झाले की सर्वच मिळून जाऊ. साहेबास सांगून रजा पुढे ढकलून घे. तुझ्या शंभराच्या नोटा नीट जपून ठेव.

एप्रिलात समुद्र खवळतो असे तुला कोणी सांगितले? येथे तर ताटासारखा सपाट आहे.

अण्णा


मुंबई, ३१ मार्च

प्रिय सुचित्रा,

मला खोटंसुद्धा धड बोलता आलं नाही. रजा ढकलता येत नाही. साहेब म्हणतो, घ्यायची तर घे, नाहीतर सोड, पुढच्या वर्षी तुझ्या जागेवर तू असशील याची तरी काय खात्री? मंदीचे दिवस, खरंच सांगतो आहे तो.

मी रोज ट्रंक उघडतो आणि त्या नोटा बघतो. या मुंबईत त्यांचा एक केळंसुद्धा येत नाही. सवयीनं धोबीतलावाला जातो आणि कोपऱ्यावरून परत येतो. काएतान लांबून हाक मारतो, मी ऐकू न आल्यासारखं करतो. अण्णांना सगळं खरं लिहायला दोनदा बसलो. काय लिहू? मला माझ्या बायकोशी एकटं बोलायचं आहे असं? हे मराठीत बापाला कसं लिहितात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तू म्हणालीस ना, दर हवा होता की तू? तू हवी होतीस. आहेस. मला वाटलं, जितकं जास्त घेऊन येईन तितकं तुला जास्त देता येईल. बारा रुपयांसाठी मी तुझे पंधरा दिवस घालवले. मला काही सुचत नाही. तुला काही सुचलं तर बघ.

यज्ञेश्वर


दिवेआगर, ४ एप्रिल

स्वारीस नमस्कार.

आधी बातमी. चौदाच्या बोटीत बसा. मी श्रीवर्धनला असेन. एकटी.

आता कसं झालं ते नीट ऐका. अण्णांचं "दर चढेपर्यंत थांबू" झालं त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नव्हतं. तुमचं पत्र रंगूनं आणून दिलं ते मी वाडीत विहिरीशी वाचलं आणि तिथेच बसून राहिले. मागून आत्याबाई आल्या. पत्र लपवायला वेळ मिळाला नाही. त्यांना वाचता येत नाही, पण माणूस वाचता येतं. शेजारी बसल्या, अडकित्त्यानं सुपारी कातरायला लागल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"काय गं, दर पडला तो खरंच पडला, की पाडला?"

मी सगळं सांगितलं. भात वाढू का, तेही सांगितलं. त्यांचा अडकित्ता चालू होता. सुपारी संपली तरी हात थांबेना.

दिवेलागणीला अण्णा जेवायला बसले. आत्याबाई खांबाला टेकून म्हणाल्या, "यंदा चैत्र चुकवू नये रे. घराण्याची रीत आहे. सुनेची पहिली ओटी लग्नाचं पाचवं वर्ष संपायच्या आत, चैत्रातच भरायची. आणि जोडप्यानंच जायचं. घरचं तिसरं माणूस बरोबर नको, देवीला खपत नाही."

अण्णांचा घास हातातच राहिला. "हे आईनं मला कधी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगेल? बायकांच्या रीती बायकांना सांगतात. आणि वटावाचा पैसा जोडप्यानं स्वतःवर खर्चायचा नाही, तो वेगळा बांधून ठेवायचा. तेही सांगितलंय आईनं."

अण्णांनी घास परत ताटात ठेवला. हिशेबाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नाहीत, पण रीत म्हटली की त्यांचं काही चालत नाही. शेवटी म्हणाले, "मग चांगदेवाला काय सांगू?" आत्याबाई म्हणाल्या, "सांग, देवी नको म्हणाली."

मागचं आवरताना मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, खरंच आहे का ही रीत?"

त्या म्हणाल्या, "आजपासून आहे."

मग आत गेल्या आणि ती अस्तराची शाल आणून माझ्या हातात ठेवली. "बोटीवर वारा लागतो. तू ने." एवढंच बोलून झोपायला गेल्या. मी शाल हातात घेऊन तशीच उभी होते. दोन महिने रोज ऊन दाखवलेली शाल, तिला उन्हाचा वास येत होता.

आपण जिंकलो आहोत आणि मला काही धड वाटत नाही. या लवकर.

सुचित्रा


पणजी, १७ एप्रिल

प्रिय शकू,

तुझ्या नावावर इतकी पाकिटं आली, आता एक खरंच तुझं.

तुला हसू येईल. बोटीवर भेटलो आणि पहिला दिवस दोघांनाही बोलायला काही सुचेना! पाच वर्षांचं साठलेलं, पण बुचच निघेना. ते मला समुद्र दाखवत होते, जसा काही मी तो पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरली. परत येताना वाटेत मी चुकून त्यांच्या मागून चालायला लागले, तर ते थांबले. मी थांबले. तेही थांबून राहिले. मग मला समजलं आणि मी शेजारी गेले. तिथून जी तोंडं सुटली ती अजून बंद नाहीत. त्यांना आंबट वरण आवडत नाही, शकू! पाच वर्षं मी चिंच जास्त घालत आले, कारण आत्याबाईंनी सांगितलं होतं की त्याला आवडतं. त्याला लहानपणी आवडायचं.

खोलीला खिडकी आहे. खाली नदी. पण रोज संध्याकाळी इथे बसलं की मला एकच दिसतं. आत्याबाईंनी बोट बुडवायचं म्हटलं होतं. काल मी बोलता बोलता रडले, आणि ह्यांनी ट्रंकेतून बारा रुपयांची पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "ही आपल्यावर खर्चायची नाही ना? मग कोणावर, ते कुठे सांगितलंय?"

उद्या अण्णांना पत्र जातं आहे. मजकूर मी सांगणार, अक्षर ह्यांचं.

तुझी,
सुचित्रा


पणजी, १८ एप्रिल

तीर्थरूप अण्णांचे चरणी,

यज्ञेश्वर व सौ. सुचित्रा यांचा साष्टांग नमस्कार. देवीच्या कृपेने ओटी यथासांग पार पडली.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली आहे. जाणत्यांकडून असे कळले की आपल्या घराण्याची रीत अर्धीच पाळली गेली. जोडप्याने ओटी भरल्यावर, त्याच महिन्यात, घरातील सर्वांत वडील बाईने स्वतः येऊन देवीला "सून पावली" असे सांगावे लागते. त्याशिवाय ओटी पोचत नाही. वटावाचे पैसे वेगळे बांधून ठेवायचे ते त्याचसाठी, त्या वडील बाईच्या प्रवासाला. ते आम्ही ठेविले आहेत.

तरी आत्याबाईंना पुढच्या आगबोटीने पाठवावे. आम्ही दोघे धक्क्यावर उभे राहू. रजा महिनाअखेरपर्यंत आहे. येताना तिघे बरोबर येऊ. त्यांची शाल सुचित्रेपाशी आहे.

आपला,
यज्ञेश्वर


दिवेआगर, २२ एप्रिल
(आनंदीबाईच्या हाती)

चि. यज्ञेश्वर आणि सौ. सुचित्रा यांस अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र पडवीत मोठ्याने वाचले. आनंदीबाई दाराशी उभी होती. मी विचारले, "ही दुसरी रीत आईने तुला सांगितली होती का?" ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "सांगितली असेल, माझ्या लक्षात नाही." पहिली रीत तेवढी शब्दन् शब्द लक्षात होती. साठ वर्षे मी या घरात राहतो. येथे रीती इतक्या झपाट्याने वाढताना प्रथमच पाहिल्या.

मी काही विचारीत नाही. समुद्र अजून ताटासारखा सपाट आहे, एवढेच तुला कळवितो.

बोर्लीचे एक मास्तर रत्नागिरीपर्यंत बोटीवर आहेत, पुढे ती एकटी. भीती वाटते का, म्हणून विचारले. म्हणाली, "या वयात मला कोण पळवतंय?" पेटी भरताना गुणगुणत होती. तिचा गळा गोड आहे हे मी विसरून गेलो होतो. सोळाव्या वर्षी ती परत आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हापासून सुपारीचा भाव विचारला, नारळाचा विचारला, तुला दर विचारला. तिला कुठे जायचे आहे का, हे मात्र कधी विचारले नाही. याचे मला आज फार वाईट वाटते आहे.

तुम्हां दोघांनाही सात माणसांत बसवायला निघालो होतो. सुनेला सांग, अग्रशाळेत स्वयंपाक करू नये. बाहेर जेवा.

वटावाच्या नोटा उरल्या तर परत आणू नका. त्या आनंदीबाईच्या हातात द्या आणि तिला बाजारात सोडा. तिने आजवर स्वतःसाठी काही विकत घेतलेले मी पाहिलेले नाही. काय हवे ते घेऊ दे. तू मध्ये पडून दर करू नकोस.

अण्णा